चटणीच्या दुकानातला कार्डतपासनीस

रुद्रेशच्या चटणीच्या दुकानात बसून मी एकूण दोनशे अकरा क्रेडिट कार्डं तपासली. त्यातलं एकही मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे आमच्या उचगावात या प्रकरणाच्या चार-पाच आवृत्त्या निघाल्या आणि त्यातल्या दोन आवृत्त्यांत मला पोलीस घेऊन जातात. पोलीस आले नव्हते. बसव्वा आल्या होत्या. पोलीस परवडले असते, हा भाग वेगळा.

सन दोन हजार दोन. हायस्कुलात एकतीस वर्षं गणित शिकवून मी निवृत्त झालो होतो आणि घरात आठ महिने काढले होते. या आठ महिन्यांत आमच्या सौभाग्यवती तानूबाईंनी मला 'जरा बाहेर जाऊन या की' हे वाक्य दिवसातून सरासरी सहा वेळा ऐकवलं. बाहेर म्हणजे शेजारी. शेजारी रुद्रेशचं चटणीचं दुकान. पुढे दुकान, मागे मिरच्या कांडायचा डंक, आणि गल्ल्यावर रुद्रेशचे वडील भीमाप्पा. त्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं. आण्णांचं वय पंच्याहत्तर, ऐकू कमी, आवाज मात्र दोन माणसांचा.

रुद्रेशने त्या वर्षी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका माणसाकडून नऊ हजारांत वेबसाइट करून घेतली होती. परदेशात गेलेली आपली माणसं त्यावर नाव, पत्ता, किती किलो आणि आपल्या क्रेडिट कार्डाचा नंबर भरायची. ते सगळं ई-मेलने दुकानात यायचं. रुद्रेश त्याचा कागद छापायचा, कार्डाचा नंबर एका स्लिपवर उतरवायचा आणि स्लिप गावातल्या बँकेत भरायचा. पुढचे पैसे बँक वसूल करायची. आज हे ऐकून माझी मुलगी कपाळाला हात लावते. घराची किल्ली फाटकाला टांगून ठेवण्यासारखाच तो प्रकार होता. पण तेव्हा आम्हाला त्यात आधुनिकता दिसत होती.

अडचण अशी झाली, की लोक नंबर चुकीचे लिहायचे. सोळा आकडे. एखादा इकडचा तिकडे होतोच. मग बँक स्लिप परत पाठवायची, वर तांबड्या शाईत शेरा, 'नंबर अवैध', आणि दर स्लिपेला पन्नास रुपये दंड. पहिल्याच महिन्यात चौदापैकी सहा स्लिपा परत आल्या.

"सा जणांस्नी नंबर लिवता येत न्हाय आन् दंड आपल्याला व्हय?" आण्णा ओरडले. ते डंकाच्या आवाजावरून थेट आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आलं.

संध्याकाळी रुद्रेश घरी आला. "सर, मोठ्या दुकानांच्या वेबसाइटवर म्हणं नंबर टाकला की तिथल्या तिथं कळतंय, चुकलाय का बरोबर हाय. आमच्या वेबसाइटवाल्याला त्ये बसवाय सांगितलं तर आणखी पाच हजार मागतोय. काय तर गणित असतंय म्हणं त्यात. तुमी गणिताचं. तुमाला कळंल की ओ."

शेवटची दोन वाक्यं बोलला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

आमची श्रुती पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. रविवारी तिला फोन लावला. तिला हे गणित माहीत होतं. "सोपं आहे, बाबा. एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा. दुप्पट करून दोन आकडी आला, तर त्या दोन आकड्यांची बेरीज घ्यायची. मग सगळ्याची बेरीज. दहाने भाग गेला तर नंबर बरोबर."

"इतकंच?"

"इतकंच. फक्त एक लक्षात ठेवा, सुरुवात..."

"कळलं, कळलं. गणित मला शिकवू नकोस. ठेवतो, पल्स पडतोय."

आणि मी फोन ठेवला. बिलात एक रुपया वीस पैसे वाचले.

दुसऱ्या दिवशी मी चटणीच्या कागदी पिशवीच्या मागच्या बाजूला आण्णांना आणि रुद्रेशला प्रात्यक्षिक दाखवलं. सोळाच्या ऐवजी सहाच आकडे घेतले: ५७८६३३. पहिला पाच, दुप्पट दहा, एक अधिक शून्य, एक. सात तसाच. आठाचे सोळा, एक अधिक सहा, सात. सहा तसाच. तिनाचे सहा. शेवटचा तीन तसाच. बेरीज तीस. दहाने भाग गेला. नंबर बरोबर. आता घाईत कोणी सात-आठाची अदलाबदल केली आणि ५८७६३३ लिहिलं, तर बेरीज येते एकोणतीस. पकडला!

रुद्रेशचे डोळे चमकले. आण्णांनी पिशवी लांब धरून पाहिली. "बरं. चुकलाय म्हणून कळलं. मग खरा नंबर कंचा?"

"ते यातून कळत नाही, आण्णा. फक्त चूक आहे एवढं कळतं."

"म्हंजे तुमच्या शाळंगत," आण्णा म्हणाले आणि पिशवीत पाव किलो चटणी भरून ती गिऱ्हाइकाला दिली.

मी कामाला लागलो. दोनशे पानी वही, तांबडं पेन, निळं पेन. दुकानाच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरशेजारी मला टेबल मिळालं. कॉम्प्युटरवर मिरचीची पूड बसू नये म्हणून रुद्रेशने त्याला जुनं धोतर पांघरलं होतं. मला पांघरायला काही नव्हतं. पहिले चार दिवस मी दर नंबरामागे दोनदा शिंकलो, आणि दोन ठिकाणी शिंकेमुळे हातचा विसरला. पण महिन्याच्या शेवटी बँकेतून एकच स्लिप परत आली. रुद्रेशने मला शाल द्यायचं बोलून दाखवलं. मी नको म्हणालो. पुन्हा विचारेल असं वाटलं होतं. त्याने विचारलं नाही.

उचगाव लहान नाही, पण बातमीला तेवढंसं मोठंही नाही. 'सर नंबर खरा का खोटा ते सांगतात' असं पसरलं. आमच्या समोरचा गुंडू कागलच्या एमआयडीसीत लेथवर होता. तो एके दिवशी गॅसचं पुस्तक घेऊन आला. "सर, ह्यो आमचा नंबर बघा की."

मी सांगितलं, की ही रीत फक्त क्रेडिट कार्डाला लागते. तो म्हणाला, "नंबर म्हंजे नंबर. तुमी बगा तर." मी पाहिलं. वास्तविक पाहायला नको होतं. पण निवृत्त माणसाला कोणी गणित घातलं, की त्याला नाही म्हणवत नाही. बेरीज आली सत्तावीस. मी तोंडाने काही बोललो नाही, पण माझ्या भुवया वर गेल्या. गुंडूने त्या पाहिल्या. दुसऱ्या दिवशी तो गॅस एजन्सीत जाऊन खिडकीवर हात आपटत होता, की मला बोगस नंबर दिलाय, मास्तरांनी तपासलाय. त्याचा सिलिंडर दहा दिवस अडकला, आणि त्याची बायको ते दहा दिवस आमच्याच गॅसवर भाकरी करत होती. माझ्याकडे बघून करत होती.

हा किरकोळ अपघात. पहिला मोठा अपघात जुलैत झाला.

युरोपातल्या एका शहरातून चाळीस किलो चटणीची मागणी आली. शहराचं नाव आम्हा कोणालाच उच्चारता येईना. चाळीस किलो! रुद्रेश कागद घेऊन धावत माझ्याकडे आला. मी नंबर मांडला, बेरीज केली, ताळा पाहिला. ऐंशी. दहाने निःशेष भाग. मी निळ्या पेनाने बरोबरची खूण केली आणि खाली सही ठोकली.

"सर, पाठवू न्हवं?"

"पाठव. नंबर निर्दोष आहे."

बँकेचं उत्तर यायला पंधरा दिवस लागायचे, आणि तोवर माल थांबवला तर गिऱ्हाईक जातं. त्यामुळे माझ्या सहीवर माल जायचा. आण्णा एवढंच म्हणाले, "चाळीस किलो चटणी खाणारा माणूस कसला हाय त्ये तर इचारा." पण आम्ही शास्त्रीय पद्धतीने काम करत होतो. कुरिअरचा खर्च चटणीच्या किमतीपेक्षा जास्त आला, तोही रुद्रेशने आधी भरला.

पंधरा दिवसांनी स्लिप परत आली. शेरा नवीन होता: 'असे कार्ड अस्तित्वात नाही.'

मी स्वतः बँकेत गेलो. प्रश्न माझ्या सहीचा होता. तिथले अधिकारी तरुण आणि सभ्य होते. त्यांनी मला चहा दिला आणि मी नापास विद्यार्थ्याला समजावतो त्या सुरात म्हणाले, "सर, तुमची बेरीज बरोबर आहे. पण त्या बेरजेनं फक्त लिहिताना झालेली चूक कळते. नंबराची बांधणी नीट आहे, एवढंच. त्यामागे कार्ड आहे का, माणूस आहे का, पैसे आहेत का, हे कळत नाही. कुणीही बसून असा नंबर रचू शकतो."

"रचू शकतो?"

"सर, मनानं कुठलेही सोळा आकडे लिहिले तरी दहातून एकदा भाग जाणारच."

हे मला सुचायला हवं होतं. मी शिकवलेला संभाव्यतेचा धडा! मान खाली घातली, तर टेबलावर बँकेचं रंगीत माहितीपत्रक पडलेलं. त्यावर एका चकचकीत कार्डाचं चित्र, त्यावर नमुन्याचा नंबर आणि नंबराखाली नाव छापलेलं: 'आपले नाव'. सवयीने मी मनात बेरीज केली. साठ. निर्दोष. म्हणजे 'आपले नाव' या गृहस्थाने चटणी मागवली असती, तर मी त्यालाही चाळीस किलो पाठवली असती.

परतताना वाटेत मी एकच निश्चय केला. आता कडक व्हायचं. दुखावलेला मास्तर कडक होतो, हा आमच्या पेशाचा नियम आहे, आणि त्याची फळं नेहमी पुढच्या वर्गातल्या निष्पाप पोरांना भोगावी लागतात.

पुढच्या वर्गातलं निष्पाप पोर म्हणजे अमेरिकेतले डॉक्टर शिवशरण मगदूम.

त्यांनी चार किलो चटणी मागवली. नंबर पाहिला, तर पंधराच आकडे. मी ई-मेल पाठवला: एक आकडा राहिला आहे, तो कळवावा. उत्तर आलं: माझ्या कार्डावर पंधराच आकडे आहेत. मला हसू आलं. दोनशेच्या वर कार्डं तपासलेल्या माणसाला हे सांगणार! तरीही न्याय म्हणून मी पंधरा आकडे मांडले आणि माझ्या रीतीने बेरीज केली. भाग जाईना. त्यांना पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा तोच नंबर पाठवला. मी पुन्हा बेरीज केली. गेला नाही. तिसऱ्यांदाही तोच नंबर आला, तेव्हा माझा संयम संपला. इंग्रजीत, अगदी मोजक्या शब्दांत, मी लिहिलं: 'आपला नंबर आवश्यक ती अट पूर्ण करत नाही. तो आपण कोठून मिळवला, हे कळवावे.'

रुद्रेश म्हणाला, "सर, जरा जास्त हुतंय का?"

मी म्हणालो, "चाळीस किलो आठव."

तो गप्प बसला. अमेरिकेतूनही काही उत्तर आलं नाही. मी वहीत तांबडी फुली मारली आणि खाली लिहिलं: 'गप्प बसला. संशय खरा.'

सप्टेंबरात एक दिवस अकराच्या सुमाराला दुकानासमोर गाडी थांबली. आतून सत्तरीच्या एक बाई उतरल्या. अंगावर इरकली लुगडं, कपाळाला विभूती, गळ्यात चांदीचं लिंग आणि पायांत पांढरे शुभ्र परदेशी बूट. हातात घडी केलेला कागद. त्या सरळ दुकानात चढल्या.

"मास्तर कोण ह्यात?"

मी वहीवरून मान वर केली. "मी. काय हवंय?"

"मी बसव्वा मगदूम. शिवशरणची आई." त्यांनी कागद उघडून माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट टेकलं. "तुमी माझ्या लेकाला चोर म्हणलासा?"

"तसं नाही, बाई. नंबर जो आहे..."

"कुठनं मिळवला म्हणून इचारलंयसा. हितं लिवलंय. मला विंग्रजी येत न्हाय, नातवानं वाचून दावलं. धा वरसांचं पोरगं! त्येच्या तोंडानं त्येच्या बापाला चोर म्हणवलंसा तुमी. पोरगं मला इचारतंय, आज्जी, डॅडीनं नंबर कुठनं चोरला?"

मागचा डंक थांबला. डंकावरच्या बायका दारात आल्या. गुंडूची दुसरी पाळी होती, तो लुंगीवरच रस्ता ओलांडून आला. कोणीतरी आमच्या घरी सांगायला गेलं असावं, कारण तानूबाई हाताला पीठ तसंच ठेवून आल्या.

"तीन वरसं झाली मला तिथं," बसव्वा म्हणाल्या. आता आवाज थोडा उतरला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "घर मोठं, सून चांगली, खायाला सगळं. पण कशालाच चव न्हाय. मला जेवान जाईना. लेक म्हणला, आई, कोल्हापूरची चटणी मागवतो. रोज दारातल्या टपालाच्या डब्यात हात घालून बगायची मी. भर उनात. आज यील, उद्या यील. चटणी न्हाय, ह्यो कागद आला."

मी आपलं मला जे येत होतं तेच म्हणालो. "बाई, मी तीन वेळा तपासलं. भाग जात नाही. आणि आकडे पंधराच आहेत. कार्डाला सोळा असतात."

बसव्वांनी कमरेची पिशवी उघडली. रुमालाची गाठ सोडली. त्यातून एक कार्ड काढून त्यांनी टेबलावर आपटलं. "ह्ये माझं. लेकानं अडीनडीला दिलंय, त्येच्याच खात्यावरचं. मोजा."

मी कार्ड हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. आकडे उठावाचे असतात हे मला माहीत नव्हतं. अंगठा फिरवला की बोटाला लागत होते. खाली इंग्रजीत स्पष्ट, बसव्वा मगदूम. मी मोजले. पंधरा. पुन्हा मोजले. गुंडूने मोजले. पंधरा.

मग मी सगळ्यांसमोर पिशवीच्या मागे ते आकडे मोठ्याने वाचत मांडले. आज कोणी कोणाचा कार्डनंबर चौकात असा ओरडून वाचला तर मार खाईल. पण त्या दिवशी बसव्वांचीच मागणी होती, की मोठ्यानं म्हणा, सगळ्यांस्नी ऐकू द्या. दुप्पट, तसाच, दुप्पट, तसाच. बेरीज चौसष्ट.

"काय झालं?" बसव्वांनी विचारलं.

"चार उरले."

"कुणाचं?"

समोर खरं कार्ड, समोर खरी बाई, आणि पिशवीवर चौसष्ट. एकतीस वर्षांत गणित माझ्याशी असं कधी वागलं नव्हतं.

तानूबाई दारातूनच म्हणाल्या, "पोरीला फोन लावा की. का तिथंबी पल्स पडतोय?"

आण्णांना ऐकू कमी येतं म्हणून रुद्रेशने स्पीकरचा फोन घेतलेला होता. त्याने तोच लावला. मी थोडक्यात सांगितलं. मग श्रुतीचा आवाज चटणीच्या दुकानात घुमला. "बाबा, तुम्ही उजवीकडून सुरुवात करताय ना?"

"कुठून?"

"उजवीकडून. शेवटचा आकडा तसाच ठेवायचा, त्याच्या डावीकडचा दुप्पट, असं मागं मागं यायचं. सोळा आकडे असले तर डावीकडून केलं तरी तेच येतं. पण पंधरा असले की सगळे दुप्पट चुकतात. काही कंपन्यांची कार्डं पंधरा आकडीच असतात. त्या दिवशी हेच सांगत होते मी, तर तुम्ही फोन ठेवलात."

"ऐकलं आमी," डंकावरची एक बाई म्हणाली.

मी पिशवी उलटी केली आणि शेवटून सुरुवात केली. गुंडू प्रत्येक बेरीज पुटपुटत होता. सत्तर.

मग वही उघडून डॉक्टरांचा नंबर काढला. तांबड्या फुलीखालचा. तोही शेवटून केला. पन्नास. तीन वेळा त्या माणसाने बरोबर नंबर पाठवला होता आणि तीन वेळा मी त्याला खोटं ठरवलं होतं.

उरलेल्या नंबरांत माझी उत्तरं बरोबर होती, रीत चुकीची होती. ती बरोबर आली, कारण सोळा ही समसंख्या आहे. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. उत्तर बरोबर आणि रीत चुकीची, अशा पोरांना मी पाचपैकी एक गुण देत असे, आणि तोही अक्षर चांगलं असलं तर.

मी उठून उभा राहिलो. हात जोडले. "बसव्वाआक्का, चूक माझी आहे. तुमच्या मुलाचा नंबर पहिल्यापासून खरा होता. मी उलट्या बाजूनं मोजलं."

त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. "मला नगा सांगू. नातवाला लिवा. त्येला वाचता येतंय."

मी तिथंच बसून त्या मुलाला इंग्रजीत पत्र लिहिलं. तुझ्या वडिलांचा नंबर बरोबर आहे. मी चुकीच्या बाजूने मोजला. मी निवृत्त शिक्षक आहे आणि हे मी आधी विचारून घ्यायला हवं होतं. खाली पूर्ण सही केली, कृष्णात कांबळे. बसव्वांनी रुद्रेशकडून त्याचा मराठीत अर्थ समजून घेतला, दोनदा, आणि ते रुमालात बांधलं.

"आता भरा चटणी. चार किलो. धा दिसांनी मी परत निगाली. पैसं ह्याच कार्डानं कापा."

रुद्रेशने आनंदाने स्लिप काढली, नंबर उतरवला, आणि आता धोका नको म्हणून बँकेत फोन लावला. तेच सभ्य अधिकारी होते. ते स्पीकरवर म्हणाले, "पंधरा आकडी? त्या कंपनीची कार्डं आपली बँक घेतच नाही."

"साहेब, पण नंबर खरा हाय!"

"असेल की. पण आपण घेत नाही."

"मग आधी सांगायचं न्हाय का?"

"तुम्ही विचारलं नाही."

बसव्वांनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. "म्हंजे नंबर खरा, कार्ड खरं, माणूस खरा, आन् चटणी न्हाय?"

"आक्का, रोख द्या की," रुद्रेश काकुळतीला आला. "न्हाईतर असंच न्या. आमच्याकडनं."

"फुकट कशाला? आमी काय मागाय आलोय व्हय? आन् रोख देनार न्हाय. ह्येच कार्ड खोटं म्हणलासा, ह्येच चालायला पायजे."

पेच पडला. कार्ड चालत नव्हतं, रोख त्या देत नव्हत्या, फुकट त्या घेत नव्हत्या. उरली उधारी, आणि उधारी बंद असल्याची पाटी आण्णांनी स्वतःच्या हाताने गल्ल्यावर लावली होती.

इतका वेळ आण्णा गल्ल्यावर बसून पाहत होते. ते आता उठले, पाटीला वळसा घालून पुढे आले आणि बसव्वांसमोर स्टूल ठेवलं. मग कानडीत त्यांची चौकशी सुरू झाली. गाव कंचं. माहेर कंचं. जाऊ कुणाची लेक. सासऱ्याचा बैल कुठल्या यात्रंत पळायचा. बसव्वा आधी तोडून उत्तरं देत होत्या, मग सविस्तर देऊ लागल्या. आण्णा एकेक उत्तराला मान हलवत होते. पाच मिनिटांनी ते आमच्याकडे वळले, चेहरा उजळलेला.

"अरं, ही तर आपली पावणी! नूलची! रुद्रेशच्या आज्जीच्या चुलतभावाच्या घरातली. नूलच्या थोरल्या वाड्यात लग्नात बघितलीया मी हिला, परकर नेसून फिरत हुती. व्हय का न्हाय, आक्का?"

बसव्वांनी क्षणभर आण्णांकडे पाहिलं. "व्हय की," त्या म्हणाल्या.

"मग पावण्याला कसली उधारी? घरातलंच हाय. लेकाला म्हणावं, सवडीनं पाठीव. रुद्रेश, चार न्हाय, पाच किलो भर. वरचं एक आज्जीकडनं."

पाच किलो चटणी चार पदरी बांधून गाडीत ठेवली गेली. जाताना बसव्वा माझ्या टेबलाशी थांबल्या. "मास्तर, लेकीचं ऐकत जावा," म्हणाल्या आणि पांढऱ्या बुटांनी पायऱ्या उतरून गेल्या. तानूबाईंनी ते वाक्य आजतागायत जपून ठेवलं आहे.

रुद्रेशने महिन्याभरात पाच हजार देऊन वेबसाइटमध्ये ती तपासणी बसवून घेतली. मी वही बंद केली. पण सकाळी अकराला दुकानात जाऊन बसायची सवय राहिली, तसा बसलो असतानाच नोव्हेंबरात एक तरुण माणूस आला. बसव्वांचा भाचा. त्याने डॉक्टरांनी पाठवलेले पाच किलोचे पैसे मोजून दिले आणि माझ्या नावाचं एक पाकीट दिलं. मी ते रुद्रेशला हळू आवाजात वाचून दाखवलं.

डॉक्टरांनी सरळ, चांगल्या मराठीत लिहिलं होतं. मुलाला पत्र मिळालं, त्याने ते शाळेत नेऊन दाखवलं. आई आता दोन वेळा जेवते. आणि शेवटी एक खुलासा: 'आपल्या आण्णांचा काही गैरसमज झालेला दिसतो. आमचं गाव हलकर्णीकडचं, आईचं माहेर सीमेपलीकडचं. नूलमध्ये आमचं कोणीही नाही, आई नूलला कधी गेलेलीही नाही. मी तिला विचारलं, की मग तू हो का म्हणालीस? ती म्हणाली, म्हातारा मायेनं देत होता, मध्ये कशाला बोला.'

रुद्रेशने माझ्याकडे पाहिलं. मी आण्णांकडे पाहिलं. ते भाच्याला चहा पाजत नूलच्या थोरल्या वाड्याची हकिगत सांगत होते, आणि भाचा मुकाट्याने मान डोलवत होता.

"काय लिवतोय पावणा?" आण्णा तिथूनच ओरडले.

मी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. "चटणी पोचली म्हणतोय, आण्णा. आईला मानवली."

"मानवणारच की," आण्णा म्हणाले. "रक्ताचं हाय त्ये."